सहा वाजताचं दही

या अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा 'पंधरा तारखेपर्यंत द्या' असं बजावून सांगितलं. मी फोन ठेवला आणि खुशाल पंचवीस तारखेच्या हिशेबानं बसलो. एकतीस वर्षं हॉटेलचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला कोणी वेळ सांगितली, की तो आधी ती संत्र्यासारखी सोलतो. साल फेकायची, फोडी खायच्या. पंचवीसला लेख नेऊन दिला, तर संपादक म्हणाले, "वा, मधुभाऊ, अगदी वेळेत!" आता मला सांगा, खोटं कोण बोललं? माझं उत्तर आहे, दोघंही. आणि काम झालं. याच विद्येवर मी अमरावतीत नाव कमावलं आणि याच विद्येपायी एकदा भर सभेत माझी मान खाली गेली. ते सांगायला बसलो आहे.

आधी माझा धंदा सांगतो, कारण तो माझ्या सासुरवाडीलाही शेवटपर्यंत कळला नाही. 'हॉटेलात असतो' म्हटलं की सासरे विचारायचे, "भजे तळता का?" स्टोअरकीपर म्हटलं तर त्यांना वाटायचं, किल्ल्यांचा जुडगा घेऊन डाळीच्या पोत्यांवर पहारा देतो. पोत्यांना कशाला पाहिजे पहारा? जे आलेलं आहे ते बिचारं गप पडून असतं. स्टोअरकीपरच्या जिवाला घोर असतो तो न आलेल्या मालाचा. दहा वाजता पातळभाजी टाकायची आहे आणि पालक अजून वलगावच्या रस्त्यावर आहे. आचारी पळी घेऊन माझ्याकडे बघतोय, मी रस्त्याकडे बघतोय. माझी खुर्ची हॉटेलच्या मागच्या दारात. एका हातात वही, दुसऱ्या हातात फोन. मालाची मागणी द्यायची, वेळ सांगायची, आला की आल्याची वेळ लिहायची, नाही आला तर फोन करून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. एवढंच काम. सोपं वाटत असेल तर एक दिवस बसून बघा. संध्याकाळी तुम्हाला सलाईन लावायला मी स्वतः येईन.

माल उशिरा आणणारा माणूस फोनवर कधीच 'घरी आहे' म्हणत नाही. तो कायम 'रस्त्यात' असतो. म्हणून मी त्याचं बोलणं ऐकतच नसे, त्याच्या मागचा आवाज ऐकायचो. आमचा भाजीवाला गजानन एकदा म्हणाला, "भाऊ, इर्विन चौकात पोचलो." मागं कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "गजानन, इर्विन चौकात वरण कोण लावून राहिलं रे?" मग मला त्याच्या बायकोचं हसणं ऐकू आलं. पुढे पुढे तर मी इतका तयार झालो होतो की शिट्ट्या मोजून तो आंघोळीच्या आधी आहे की नंतर, हेही सांगत असे. गजानन हे कबूल करणार नाही. त्याला विचारू नका.

आमच्या हॉटेलच्या सेठनी अकोल्याला शाखा काढली तेव्हा घडी बसवायला मला सहा महिने तिकडे धाडलं. त्यात मे महिना आला. अकोल्याचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यानं पाहिलं तो बोलायच्या अवस्थेत राहत नाही. तिथे बर्फवाला होता प्रल्हाद. लादी फॅक्टरीतून निघताना म्हशीएवढी, आमच्या दारात पोचेपर्यंत शेळीएवढी. रोज एकच कारण, रेल्वेचं फाटक पडलं होतं. मी काय केलं? लोहाराकडून एक लोखंडी पट्टी आणली, भिंतीला ठोकली आणि आठ दिवस स्वतः सायकलवर त्याच्या मागं फिरलो. फाटक पडलं तर लादी किती झिजते, चहाला थांबलं तर किती, सगळ्याच्या खुणा पट्टीवर केल्या. नवव्या दिवशी प्रल्हाद आला.

"फाटक पडलं होतं, भाऊ."

मी लादी पट्टीला लावली. "फाटकाले चार बोटं जातात प्रल्हाद. हे वीतभर गेलं. मेहुण्याकडे जेवून आला तू."

"जेवलो नाई, आईशप्पथ! निस्ता चहा घेतला."

"अन्?"

लादीचं पाणी त्याच्या पायावर टपकत होतं. "अन् भजे," तो म्हणाला.

पुण्या-मुंबईचे लोक याला छळ म्हणतील. म्हणोत. त्या उन्हाळ्यात अकोल्यात आमच्याकडे लस्सी कधी कोमट मिळाली नाही.

पण वही आणि पट्टी ही वरवरची हत्यारं झाली. माझं खरं हत्यार असं होतं की मी प्रत्येकाला वेगळी वेळ सांगायचो. माल आठला पाहिजे असेल, तर गजाननला साडेसहा सांगायचे. बटाटेवाला सज्जन, त्याला सात चाळीस. मोर्शीचे संत्रेवाले काका मोठे बागाईतदार. त्यांना तास मोजायची सवयच नव्हती. त्यांना गुरुवारी पाहिजे असेल तर बुधवार सांगायचा. वहीत लिहायचो ती सांगितलेली वेळ. पाहिजे असलेली वेळ फक्त माझ्या डोक्यात. ही गोष्ट आचाऱ्याला माहीत नव्हती, सेठना नाही, माझ्या बायकोलाही नाही. आणि 'मधुभाऊच्या वहीत लिहिलं म्हणजे झालं' असा बाजारात शब्द होता. त्या शब्दावर मी कॉलर ताठ करून फिरायचो.

आता दह्याकडे येतो.

आमच्या हॉटेलचं नाव गिल्या वड्यावर. भिजवलेला उडदाचा वडा, त्यावर घट्ट दही आणि वरून डोळ्यांत पाणी आणणारी चटणी. सकाळी आठला सुरू, अकराला संपला. दही दर्यापूरच्या हमीदभाईंचं. घरच्या आणि शेजारच्या म्हशी, मातीच्या गाडग्यात लावलेलं दही, ते डब्यांत भरून सवारी जीपनं पन्नास किलोमीटर अमरावतीला. त्या दह्यात चमचा उभा राहायचा. मी तर म्हणतो चमचा उभा राहून नमस्कार करायचा.

अगदी सुरुवातीला मी त्यांना आठची वेळ दिली होती. ते पावणेदहाला आले. मी मनात पावणेदोन तासांची साल मोजली आणि दुसऱ्या आठवड्यापासून सांगितलं, "हमीदभाई, सहा म्हणजे सहा." ते पावणेआठला यायला लागले. मला पाहिजे तेव्हा, अगदी हुकमी. सतरा वर्षं, रोज. दारात डबे टेकवायच्या आधी म्हणायचे, "माफ करजा भाऊ, आज बी उशीर झाला." मी भुवया चढवायचो. "रोजचंच आहे तुमचं," म्हणायचो. नियम म्हणून दोन शब्द जास्तच बोलायचो, कारण ढील सोडली की माणूस पावणेनऊवर जाईल. मग वहीत लिहायचो: सांगितले सहा, आले पावणेआठ. आणि आत ओरडायचो, "दही आलं रे! वडे सोडा!"

माझी समजूत अशी, की हमीदभाईंना हा खेळ कळलेला असणार. इतकी वर्षं झाली. ते माफी मागतात ती रीत म्हणून, मी ओरडतो तेही रीत म्हणून.

तीन वर्षांपूर्वी सेठची लेक नेहा पुण्याहून शिकून आली. मी तिला चड्डीत पाहिलेलं, माझ्या खुर्चीखाली बसून शेंगदाणे खाणारी. आता ती मला 'काका, आपण सिस्टीम लावू' म्हणायला लागली. वहीऐवजी पाटीसारखा टॅबलेट आला. मागणी त्यात टाकायची, वेळ त्यात टाकायची, माल आला की बोट दाबायचं. वेळेत आला तर हिरवा ठिपका, उशिरा आला तर लाल. मी बोट दाबायला शिकलो. आणि वेळेच्या रकान्यात, इतक्या वर्षांच्या हातानं, दह्यापुढे सहाच टाकत गेलो. यंत्राला काय माहीत की माझ्या सहाला साल असते? त्यानं ते सहा खरे धरले.

तीन महिन्यांनी नेहानं कागद काढून माझ्यापुढे ठेवला. गजाननच्या नावापुढे लालात चार-दोन हिरवे ठिपके तरी होते. हमीदभाईंच्या नावापुढे गोवर उठल्यासारखा लाल, एकही हिरवा ठिपका नाही.

"काका, हे तुम्ही कसं चालवून घेतलं? एक तारखेपासून यांचं दही बंद. नागपूरच्या डेअरीची गाडी सकाळी साडेपाचला पाकिटं टाकून जाईल. यावर तुमची सही लागेल."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर आयुष्यभराची वही खोटी ठरली असती, आणि मी म्हणजे ती वहीच होतो. 'बघतो' म्हटलं आणि कागद खिशात घातला. तीन दिवस हमीदभाई आले, माफी मागून गेले. मी भुवया चढवायचंही विसरलो.

चौथ्या दिवशी दुपारी नेहानं सगळ्या पुरवठादारांना बोलावलं. फॅमिली सेक्शनमध्ये खुर्च्या मांडल्या, चहा फिरवला, भिंतीवर तो ठिपक्यांचा तक्ता प्रोजेक्टरनं मोठा करून पाडला. सेठ कोपऱ्यात सुपारी कातरत बसले. गजानन आपले हिरवे ठिपके मोजून शेजाऱ्याला दाखवत होता. हमीदभाई सगळ्यात मागं, पांढरी टोपी, गुडघ्यावर हात.

नेहा वाईट मुलगी नाही. आवाज न चढवता बोलली. "हमीदचाचा, तीन महिन्यांत एक दिवससुद्धा वेळेवर नाही. मला हॉटेल चालवायचं आहे. तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

मला वाटलं आता माणूस चिडेल, भांडेल, जीपला शिव्या घालेल. मग मीही भांडणात मिसळलो असतो आणि गोंधळात काहीतरी मिटवलं असतं. ते उठून उभे राहिले.

"खरं हाय ताई. मी उशिराच येतो. भाऊ रोज बोलतात, त्यांचं बरोबर हाय. मले नाई जमलं." मग म्हणाले, "दही मात्र कदी आंबट नाई आणलं."

आणि खाली बसले.

मी उठलो. खुर्ची मागं पडली ते मला आवाजावरून कळलं.

"नेहाताई, तो लाल रंग त्याइचा नाई. माहा हाय."

"म्हणजे?"

"दही सहाले पाहिजेच नव्हतं. आठले पाहिजे होतं. सहा मी खोटं सांगतलं."

सेठचा अडकित्ता थांबला. गजाननच्या डोक्यात हळूहळू उजाडलं.

"थांबा थांबा. मंग मले साडेसहा सांगता ते?"

"आठ."

"माह्यावर दीड तास? मी काय इतका बेभरवशाचा हाव? अन् या बटाटेवाल्यावर किती?"

"वीस मिनिटं."

"वीसच! काहून, तो काय तुमचा जावई हाय?"

बटाटेवाल्यानं सदऱ्याची घडी नीट केली. मोर्शीचे काका घसा खाकरून म्हणाले, "अन् आमचं?"

"तुमचा एक दिवस, काका."

"पुरा दिवस?" काकांनी चौफेर पाहिलं. त्यांना राग आला की मान मिळाल्यासारखं वाटलं, हे मला आजवर समजलेलं नाही. मग जो कल्ला झाला तो बडनेरा स्टेशनपर्यंत ऐकू गेला असणार. कोणावर किती मिनिटं, कोण कोणापेक्षा मोठा खोटारडा, यावर दोन कप फुटले. मी सगळ्यांना पुरून उरलो. "हो, सांगितलं खोटं! खरं सांगितलं असतं तर तुमच्यापैकी एक तरी आला असता का?"

"भाऊ."

हमीदभाईंचा आवाज मोठा नव्हता. तरी सगळे आपापल्या खुर्चीवर बसले.

"मंग मी उशिरा नव्हतो?"

"नाई."

"एक बी दिवस?"

"एक बी दिवस नाई. तुमी पंधरा मिनिटं आधीच येत होते."

त्यांनी भिंतीवरच्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं. मग बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. दर्यापूरच्या स्टँडवर जीप अकरा सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही. तुम्ही सहा सांगितलं, म्हणून मी दह्याच्या डब्यांच्या नावानं तीन सीटा पदरचं भाडं भरून धरायला लागलो. आठ जणांवर जीप निघावी म्हणून. तरी पावणेआठच वाजायचे. सहा काही केल्या हाती येईना. "घरवाली म्हणे, रोज बोल खायलेच जाता काय? मी म्हणो, चूक आपली हाय तं ऐकून घ्या लागते. पोरीच्या निकाहच्या दिवशी बी डबे पोचवून वापस गेलो. वरात दारात अन् मी जीपमंदी."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सतरा वर्षं रोज दारात आलो का पैले माफी मागतली, सलाम मंग केला. आता त्या माफ्या वापस करा, भाऊ."

या बाजारात मला निरुत्तर करणारा माणूस जन्माला यायचा आहे, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. तो माणूस रोज पावणेआठला माझ्या दारात येत होता. मी हात जोडले. "माफ करा, हमीदभाई."

"हे एक झालं," ते म्हणाले.

नेहा माझ्याकडे वळली. रागात तिचं पुण्याचं मराठी गळून पडलं. "काका, सतरा वर्षं खोटं लिहून राहिले तुमी?"

"लिहिलं. अन् सतरा वर्षांत वडा एकही दिवस दह्यावाचून अडला नाही, हेही लिही तुझ्या यंत्रात. या माणसावर मी जे लादलं ती माझी चूक, हजार वेळा चूक. पण तिची शिक्षा त्याला नाही. त्याचं दही बंद करायचं असेल तर सही तू कर." खिशातला कागद काढून मी तिच्या हातात दिला, बिनसहीचाच. "अन् उद्यापासून दारात दुसरा माणूस बसव."

तिनं सेठकडे पाहिलं. सेठनी सुपारी तोंडात टाकली. म्हणजे 'तुझं तू बघ'. तिनं कागद दुमडला, टॅबलेट उचलला.

"हमीदचाचा, उद्यापासून आठ टाकते. चालेल?"

"नाई."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"तीन सीटा मी आता धरत नाई. जीप भरंल तवा निघंल. साडेआठले येईन. पटलं तं घ्या ताई, नाई तं पाकिटाचं घ्या." त्यांनी टोपी नीट केली. सतरा वर्षांत हा माणूस इतका उंच आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"पण वडा आठला सुरू होतो," नेहा म्हणाली.

"पावणेनऊले सुरू कर," मी म्हटलं.

"अन् गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईकाला मी सांगतो."

तिनं ओठ चावला. मग बोटानं टॅबलेटवर आकडा टाकला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला: साडेआठ. वेळेचा रकाना त्या दिवसापासून तिनं माझ्याकडून काढून घेतला. निवृत्त होईपर्यंत मला फक्त बोट दाबायची परवानगी होती. चालेल. गजाननला ती खरी वेळ सांगते आणि तो खऱ्या वेळेनंतर दीड तासानं येतो, पण तो तिचा प्रश्न. मी हमीदभाईंना रोज एक माफी देत गेलो. ते रोज मोजून घेत, आणि मग सलाम करत.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागची खुर्ची सोडून पुढे येऊन उभा राहिलो. आठ वाजता अर्धी अमरावती दारात, उरलेली अर्धी रिक्षातून उतरत होती. वडे तयार, चटणी तयार, बश्या कोऱ्या. लोक टेबलं वाजवायला लागले. सव्वाआठला एक काळ्या कोटातले वकीलसाहेब, कोर्टाची फाईल बगलेत मारून, थेट माझ्या अंगावर आले.

"काय चाललंय मधुभाऊ? कोर्ट आहे मला! कुठे मेला तुमचा दहीवाला? इतका उशीर?"

शेकडो वेळा हेच वाक्य मी दुसऱ्याला ऐकवलं होतं. मी दारात आडवा हात लावला.

"दहीवाला वेळेवर आहे, वकीलसाहेब," मी म्हणालो. "तुम्ही लवकर आलात."